आंबाखेडीचे पुढचे दार

हे छापू नये, असे वाईला परत आल्यावर मला तिघांनी सांगितले. तिघेही घरचेच, आणि तिघांनीही मी आणलेले टोस्ट चहात बुडवून खाल्ले होते. म्हणून छापायला देत आहे.

धार

माघात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची मुंज होती. ही काशी देवासला दिलेली, आणि आमचा भाऊ धारला दरबारच्या दफ्तरात. आधी भावाकडे चार दिवस, मग देवास, असा बेत मी वाईतच ठरवून निघाले. प्रवासाच्या सामानाची लेखी याद मी नेहमी करते आणि ती सहसा चुकत नाही. या खेपेस चूक झाली ती सांगून ठेवते, म्हणजे पुढे जाणाऱ्या बायकांना उपयोगी पडेल. लोकरीची धाबळी वळकटीत बांधू नये, हातापाशी ठेवावी. माळव्यातली माघाची पहाट दात वाजवते, आणि दोन प्रहरी त्याच सडकेवर पदराने वारा घ्यावा लागतो.

महूहून धारकडे जाताना दोन्ही अंगांना अफूची शेते फुललेली होती. मला आधी वाटले, कोणी शेतभर धोतरे वाळत घातली आहेत. जवळ गेल्यावर फुले दिसली. असे सुंदर पीक आणि असे वाईट फळ मी दुसरे पाहिले नाही. पण त्याच बोंडातून खसखस निघते, हे स्वयंपाकघरातल्या माणसाने विसरू नये.

भावाकडे पहिल्याच दिवशी बाफले होते. कणकेचे गोळे आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि फोडून तुपात बुडवायचे. आपल्याकडे अन्नावर तूप वाढतात, माळव्यात तुपात अन्न वाढतात. बोलण्याचीही तीच तऱ्हा. आमची वहिनी आपल्या पणजीच्या तोंडी शोभतील असे जुने शब्द बोलते, आणि त्याच दमात "जल्दी करा, दूध उफनतंय" म्हणून ओरडते.

निघायच्या आदल्या दिवशी जेवणे झाल्यावर भावाने काम काढले.

"अक्का, वाटेत आंबाखेडी लागते. तिथं उतर आणि सगुणाला समजाव. आमचं कोणाचं ऐकत नाही ती. तुझं ऐकेल."

सगुणा आमची मामेबहीण. तिचे यजमान महूच्या छावणीत रसदेच्या गुदामावर कारकून होते. ते गेले तेव्हा तिने केस काढू दिले नाहीत, हे पहिले भांडण. मग दिराच्या आश्रयाला न जाता ती मुलीला घेऊन यजमानांच्या गावी, आंबाखेडीला राहिली, हे दुसरे. आणि तिथे तिने भट्टी घातली आणि पाव विकायला लागली, हे तिसरे. छावणीत शेजारी एक गोवेकर पाववाला राहत असे. त्याच्या बायकोकडून ती हे काम शिकली होती.

पाव म्हटला की आपल्या अंगावर काटा का येतो, हे वाचणारणींना सांगायला नको. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत. त्यातून त्याचे पीठ ताडीने फुगवतात म्हणे.

"भट्टीचं ज्याचं त्याला," भाऊ म्हणाला. "पण आता वेणूचं लग्न अडलंय. देवासच्या तात्यासाहेबांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता, आपल्या मुलाला तुमची वेणू करीन म्हणून. तो गृहस्थ शब्द मोडत नाही. फक्त एवढंच म्हणतो, आधी भट्टी मोडा, मग मुहूर्त काढू."

"आणि नाही मोडली तर?"

"तर मुलगी घरात राहील. त्या घरची दुसरं कोण करणार? तू व्यवहारी बाई आहेस, अक्का. तूच बघ."

मला ते पटले. एका बाजूला विटांची भट्टी, दुसऱ्या बाजूला पोटची मुलगी. यात मोडायचे काय, हे विचारावे लागू नये. मी याद काढून तीत लिहिले: सगुणेस भट्टी मोडण्यास सांगणे.

वहिनीने वाटेसाठी दशम्या आणि लिंबाचे लोणचे बांधून दिले. मी टांग्यात चढताना ती हळूच म्हणाली, "वन्सं, तिथं काही खाऊ नका हो. पाणीसुद्धा नको."

आंबाखेडी

इंदूरचा मुक्काम आणि सडकेची धूळ गाळते. टांगेवाला नंदराम भावाच्या ओळखीचा, अफूच्या भावापासून राजेरजवाड्यांच्या सोयरिकीपर्यंत सगळ्याची माहिती असलेला. क्षिप्रेच्या उतारावर घोडे बुजले, टांगा कलला आणि माझी शिदोरी पाण्यात गेली. क्षिप्रेत पापे धुवायला लोक दुरून येतात. माझ्या दशम्या धुतल्या गेल्या.

"बईजी, मच्छी होण को भोग लगी ग्यो," नंदराम म्हणाला. त्याला फार वाईट वाटलेले दिसले नाही.

आंबाखेडीला पोचलो तेव्हा दोन प्रहर टळली होती आणि मला सपाटून भूक लागली होती. बाजाराचा दिवस होता. चिंचेखाली गुळाच्या भेल्या, मिरच्यांचे ढीग, बांगड्यांचे पाल. समोरच उंच ओट्याचे दुकान दिसत होते. पण नंदरामने टांगा गल्लीत घातला आणि घरांच्या मागून नेऊन एका पडवीशी उभा केला.

"अरे, दुकान तर पुढे आहे."

"बामण की लुगायां पाछे से आवे, बईजी. रिवाज हे." लुगायां म्हणजे बायका.

मागच्या दाराला हातभर झरोका होता. त्याच्यापुढे डोळ्यांपर्यंत पदर ओढलेल्या तीन बायका उभ्या होत्या. मीही मुकाट्याने मागे उभी राहिले. आतून बाईचा आवाज आला.

"कोण आजारी?"

"सासूबाई," पहिली पुटपुटली. झरोक्यातून फडक्यात गुंडाळलेले काही बाहेर आले. ते पदराखाली घेऊन ती निघून गेली.

"कोण आजारी?"

"धाकटा."

"मागल्या बाजारी पण धाकटाच होता."

"अजून उतार नाही हो," दुसरी म्हणाली.

तिसरीचे यजमान आजारी होते. मग माझी पाळी आली.

"कोण आजारी?"

"कोणी नाही. मी वाईची अक्का."

आत काहीतरी भांडे पडले. दार उघडले. कोपरापर्यंत पिठाने भरलेली सगुणा उभी होती. मला वाटले होते, ती रडेल. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अक्का! तू पण मागच्या दारानं?"

मी विचारले, "या गावात एवढे आजारी आहेत?"

"सगळं गाव अंथरुणाला खिळलंय. वैद्य तेवढा उपाशी मरतोय."

तो रिवाज असा. पाव खाल्ला तर माणूस बाटतो. पण आजाऱ्याला औषध म्हणून दिला तर तो आपद्धर्म, दोष नाही. मात्र औषध पुढच्या दाराने घ्यायचे नाही, उघडे न्यायचे नाही आणि मोठ्याने मागायचे नाही. ज्या बायका पुढच्या ओट्यावर मुरंब्यासाठी सगुणेशी गावाला ऐकू जाईल अशी घासाघीस करतात, त्याच मागे येऊन पदरात तोंड लपवून पाव मागतात.

आतून दुकानात गेले. मला नीटनेटके घर पटकन ओळखता येते. फळ्यांवर चिनी मातीच्या बरण्या ओळीने, प्रत्येकीच्या तोंडाला स्वच्छ फडके. आवळ्याचा मुरंबा, गुलकंद, कैरीचा तक्कू, छावणीतल्या मडमेकडून शिकलेली पेरूची लालबुंद जेली. मांडवगडाकडच्या जाड्या बुंध्यांच्या गोरखचिंचेची पूड होती, तिचे सरबत तिने मला नंतर दिले. एका पाटीत खारी बिस्किटे, दुसरीत टोस्ट. आणि मधल्या मोठ्या पाटीत नुकते काढलेले गोल पाव. वरून तांबूस, त्यावर खसखस दाट पेरलेली.

तो वास मी लिहू शकत नाही. भुकेल्या माणसाला धर्म शिकवायचा असेल, तर त्याला त्या पाटीपासून लांब बसवावे.

पण मी आधी काम उरकते. उभ्या उभ्या तिला तात्यासाहेबांचा निरोप सांगितला. जवळच तिची वेणू परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"ताडी घालतेस का यात?" मी विचारले.

"हरभरा भिजवून, दही आणि बडीशेप घालून आंबवते. तुझ्या घरी जिलबीचं पीठ आंबतं ना रात्रभर? ते पवित्र. धारला बाफले आरात भाजतात, ते पवित्र. मी आंबवून भाजलं की बाटलं. कसं ते मला समजाव आणि भट्टी मोडून जा. कुदळ देते."

मी दुसरी बाजू धरली. "सगुणा, प्रश्न मुलीचा आहे. तात्यासाहेबांच्या घरात पाव चालत नाही."

सगुणा हसली. कोपऱ्यात एक छोटी टोपली होती, तिच्यावर हळदकुंकवाची बोटे लावलेले फडके बांधलेले होते. तिने गाठ सोडली. आत पाव होते.

"हे दर बाजारी देवासला जातं. तात्यासाहेबांच्या आईला. जीजी म्हणतात त्यांना सगळे. तोंडात दात नाही, दुधात कुस्करून खातात. टांगेवाल्याला सांगितलंय, वैद्याचं औषध आहे. तात्यासाहेब स्वतः उतरवून घेतात. माझ्या व्याह्यांना भट्टी नकोय, अक्का. पाव हवाय."

मी रागीट बाई नाही. राग आला की मी काम करते. तेव्हा करण्यासारखे एकच काम दिसले. मी पाटीतला एक पाव उचलला, पुढचे दार उघडले आणि भर बाजारात, ओट्यावर मांडी घालून बसले. वरचा पापुद्रा चुरचुरीत, आत गरम आणि मऊ, खसखस दाताखाली फुटत होती. सगुणेने लोण्याची वाटी आणि जेली आणून ठेवली. समोर गूळवाल्याच्या ढिगाशी मघाची दुसरी बाई उभी होती, जिचा धाकटा आजारी होता ती. तिने मला पाहिले आणि तोंडाला पदर लावला. मी मुद्दाम सावकाश खाल्ले. मग आणखी एक मागितला.

मग मी आत आले. वेणू खाली मान घालून म्हणाली, "आई, मुलगा चांगला आहे."

सगुणेला हे ठाऊक होते असे दिसले. देवीच्या जत्रेत त्याने दोघींना गर्दीतून वाट करून दिली होती आणि पाणी आणून दिले होते. तिचा चेहरा उतरला. इतका वेळ बोलत होती तेवढी सगळी हिंमत त्या चार शब्दांनी गेली. तिने भट्टीकडे पाहिले, आणि मला वाटले, ही आता कुदळ घेणार. खरे सांगते, त्या घटकेला तिने ती घेऊ नये असे मला वाटले.

मग वेणू म्हणाली, "पण मी तिथं गेल्यावर तुझा पाव मला औषध म्हणूनच येणार का?"

सगुणा उठली. तिने मागच्या दाराला अडसर घातला आणि झरोक्यात पाटा उभा करून तो बुजवला. तेवढ्यात बाहेरून कडी वाजली.

"पुढून या," सगुणा ओरडली.

"पुढून? अहो, लोक बघतील!"

"बघू देत. आजाऱ्यासाठीच नेताय ना? लोक हळहळतील."

पावले परत गेली. पुढे कोणी आले नाही.

"अक्का, आता माझा निरोप ने," सगुणा म्हणाली. "भट्टी चालू आहे, मागचं दार बंद आहे. सोयरीक हवी असेल तर घरातल्या कर्त्या माणसानं माझ्या पुढच्या दारात यावं आणि एक पाव मागावा. कोणी आजारी आहे असं न सांगता."

"आणि नाही आले तर?" असाच प्रश्न मी धारलाही विचारला होता.

तिने वेणूकडे पाहिले. वेणू पीठ मळत होती आणि नाक दंडाला पुसत होती.

"तर नाही आले," सगुणा म्हणाली.

देवास

देवासात एका गावात दोन राज्ये आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूचा शिपाई त्या बाजूच्या चोराकडे नुसता बघतो, असे तिथले लोक विनोदाने म्हणतात. काशीचे घर थोरल्या पातीत, तात्यासाहेबांचे धाकटीत. बातम्यांना मात्र सगळे गाव एकच. मी पोचायच्या आधी माझे ओट्यावरचे खाणे पोचले होते.

"अक्का, काय केलंस हे!" काशीने दारातच सुरुवात केली. "उपाध्ये म्हणतात, पंचगव्य घेतलंत तर पंक्तीला बसा."

"पोट दुखत असेल तर घेईन. दुखत नाही."

मुंज तिच्या मुलाची, माझ्या हट्टाची नव्हे. म्हणून मी आपण होऊन सांगितले की माझे पान वेगळे मांडा. ते कोठीच्या दाराशी मांडले. जिलबी होती, चांगली आंबलेली. मी पुन्हा मागून घेतली. वाढणारीला सांगितले, "पीठ छान फुगलंय हो." ती बिचारी हसली, मग घाबरली.

तात्यासाहेबांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. ओसरीवर पाचसात मंडळी बसलेली होती. गृहस्थ सभ्य, हळू बोलणारा. सगुणेकडून आणलेली जीजींची टोपली मी फडके न बांधता त्यांच्यापुढे ठेवली आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला. मंडळी पाटांकडे, छताकडे, कुठेतरी पाहू लागली.

"अक्कासाहेब," ते म्हणाले, "मी दिलेला शब्द मोडत नाही. पण मी त्या दारात गेलो, तर उद्या या ओसरीवर कोण बसेल?"

"आज बसलेत त्यांच्यापैकी कोणाच्या घरी आजारी नाही, ते विचारा."

एकाला एकदम खोकला आला. तात्यासाहेबांनी टोपली माझ्याकडे परत सरकवली. "ही घेऊन जा. यापुढं आमच्याकडं औषधही नको."

मला वाईट वाटले. वेणूचे काम मी बिघडवले, असेच मनात आले. पण टोपली घेऊन उठताना माजघराच्या दारात एक वाळकी म्हातारी काठीवर टेकून उभी दिसली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. टोपलीकडे पाहत होती.

परतीच्या दिवशी नंदराम टांगा घेऊन आला. मी वळकटी मोजून चढवली, धाबळी हातापाशी ठेवली आणि वर पाहते तो आत जीजी बसलेल्या. मांडीवर काठी, अंगावर जाड शाल.

"मला आंबाखेडीला उतरव," त्या म्हणाल्या. "आठ दिवस नुसतं दूध पितेय. मी काय वासरू आहे?"

"जीजी, तात्यासाहेबांना विचारलंत?"

"कर्त्या माणसानं यायचं, असा निरोप आणलास ना?"

"हो. पण कर्ते तात्यासाहेब."

"त्याला कर्ता कोणी केला?" जीजी म्हणाल्या. "हाक रे."

पुन्हा आंबाखेडी

पुन्हा बाजाराचाच दिवस होता. नंदरामने सवयीने गल्लीत टांगा वळवला. जीजींनी काठीने त्याच्या पाठीत टोचले. "पुढून घे, भिया. मी चोरी करायला नाही आले."

दुकान उघडे होते. पाटीभर पाव तसेच पडून होते, दुपार झाली तरी. सगुणा वाळलेली दिसली. आठ दिवसांत गाव एकदम बरे झाले होते. पुढच्या दाराने फक्त नंदरामसारखे गाडीवाले आणि एक रंगारीण येत होती. तरी झरोक्यातला पाटा तसाच होता आणि भट्टी पेटलेली होती.

आम्ही उतरतो तोच सडकेवरून दुसरा टांगा धुरळा उडवत आला. तात्यासाहेब. पगडी एका बाजूला झालेली. ते चिंचेपाशीच थांबले. तिथून ओट्यापर्यंत आले नाहीत, परतही गेले नाहीत. मध्ये सारा बाजार होता.

जीजी ओट्याशी गेल्या. पायऱ्या दगडी, उंच. त्यांनी एक पाऊल उचलले, ते पोचेना. मी हात पुढे केला. त्यांनी तो काठीने बाजूला सारला.

"तात्या!" त्या ओरडल्या. त्या वाळक्या देहात तो आवाज कुठे होता कोण जाणे. "हात दे रे. मी पडेन."

आई पडते म्हटल्यावर कोणता मुलगा चिंचेखाली उभा राहील? तात्यासाहेब आले. त्यांनी आईला दंडाला धरून एकेक पायरी चढवली, आणि शेवटची पायरी चढून होईपर्यंत तेही दारात आलेले होते.

सगुणा तागडीमागे उभी होती, तिच्यामागे वेणू. गूळवाल्याने तोलता तोलता हात थांबवला.

"काय पाहिजे?" सगुणेने विचारले.

जीजींनी मुलाकडे पाहिले.

"आईची प्रकृती जरा..." तात्यासाहेबांनी सुरुवात केली.

"मला काही झालेलं नाही," जीजी म्हणाल्या. "मला पाव आवडतो."

तात्यासाहेबांनी पगडी सरळ केली. मागे वळून बाजाराकडे पाहिले. ओळखीचे चेहरे तिथे पुष्कळ असावेत. मग ते घशातल्या घशात म्हणाले, "एक पाव."

"मोठ्यानं," जीजी म्हणाल्या. "हिच्या बापाला शब्द दिलास तेव्हा कसा खणखणीत बोलला होतास?"

"एक पाव द्या!"

गूळवाल्याच्या हातातले माप खाली पडले. सगुणेने फडक्यासाठी हात पुढे केला, सवयीने. वेणूने तो धरला. तिने पाटीतला सगळ्यांत मोठा, खसखशीने भरलेला पाव निवडला आणि तसाच उघडा तात्यासाहेबांच्या हातावर ठेवला.